क्रॉनची पुढची वेळ काढताना

अरे, क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा युनिक्सचा प्रोग्राम; त्याच्या ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशी पाच घरं असतात. त्या ओळीवरून पुढची वेळ काढताना एकेक मिनिट पुढे सरकवत जुळतंय का ते बघत बसू नकोस. आधी महिना जुळव, मग दिवस, तास, मिनिट. वरचं घर बदललं की खालची सगळी पुन्हा सुरुवातीला आण. शोधाला मर्यादाही घाल, कारण कुणीतरी ३० फेब्रुवारी लिहितोच आणि लूप संपतच नाही. पण मर्यादा चार वर्षांची नको: २१०० लीप वर्ष नाही, त्यामुळे २९ फेब्रुवारी २०९६ नंतर थेट २१०४ मध्ये उगवते.

खरी फसगत तारीख आणि वार दोन्ही दिल्यावर होते. '० ९ १३ * ५' (सकाळी ९, तारीख १३, महिना कुठलाही, वार ५ म्हणजे शुक्रवार) म्हणजे तेरा तारखेचा शुक्रवार असं वाटतं ना? युनिक्सचं क्रॉन दर तेरा तारखेलाही चालतं आणि दर शुक्रवारीही.

सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो. आपल्या मुंबईत रात्रीचा १ म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे १९:३०, म्हणजे वारसुद्धा बदलतो. मी एकदा वार बदलायला विसरलो. सोमवारचा रिपोर्ट मंगळवारी पहाटे निघाला, आणि साहेबांचा फोन दादरला, गच्च भरलेल्या लोकलमध्ये घेतला.