कान्होबाचा वाटा

'तीन वर्षांपूर्वी यांना अर्धांगवायू झाला. दुकान बंद पडलं, दीड एकर रान गहाण आहे. तरी ताई, मी सुखी आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे, मुखात नाम आहे, नऊ वर्षं देहूपासून पायी वारी घडली. एवढं भाग्य कुणाला लाभतं? दिवाळं निघालं ते बरं झालं, असं तुकोबाही म्हणालेच ना! पण जाऊ सारखी टोचते, "विठोबानं काय दिलं तुला?" तिला काय उत्तर देऊ? धाकटीला गेल्या वर्षी बारावीला ८१ टक्के पडले, पण तिनं घरीच राहायचं ठरवलं. ती यांचं सगळं करते, म्हणून तर वारी चुकली नाही.'
– एक माळकरी, सोलापूर जिल्हा

ताई, रामकृष्णहरी.

जावेचं राहू द्या. मी तुमच्या शेवटच्या दोन ओळींपाशीच अडकले आहे. 'ठरवलं' हा शब्द मला पटत नाही. ८१ टक्के मिळवलेली पोर बापाचं भांडं उचलायला घरी बसते, तेव्हा ते उचलायला घरात दुसरं कुणी नाही, हे तिला दिसलेलं असतं.

सासऱ्यांचं मी चार वर्षं केलं आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ठसका लागू नये म्हणून बसतं करून भरवायचं. हातपाय आखडू नयेत म्हणून व्यायाम करून घ्यायचे. सलग झोप नाहीच. मी तेव्हा चाळिशीत होते, तरी रडायचे. आणि वयात आलेल्या लेकीकडून अंग पुसून घेताना त्या बापाच्या जिवाचं काय होत असेल?

तुम्ही मनापासून कृतज्ञ आहात, यात मला शंका नाही. माझ्याही गळ्यात माळ आहे, तिनं किती सावरलं ते मला माहीत आहे. पण तुकोबांचं नाव काढलंत म्हणून सांगते. दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, आणि तरी ते 'बरें जालें देवा' म्हणाले. सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत सोडायची वेळ आली तेव्हा मात्र धाकट्या भावानं, कान्होबानं, आपला हिस्सा मागितला. तुकोबांनी निम्मी खतं त्याच्या हातात दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली, असं चरित्रात सांगतात. तुम्ही आपलं दिवाळं विठोबाच्या पायी वाहिलंत, तो तुमचा हक्क. पण ताई, त्या गठ्ठ्यात धाकटीची मार्कशीटही गेली. ती तुमच्या वाट्याची नव्हती.

यंदा वारीला जायचं नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी देहूतून निघेल, तेव्हा तुम्ही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या असा. प्रवेशाचे दिवस साधारण तेच असतात. एक वर्ष वाया गेलं तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून देता येतं. फीला घाबरू नका. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना २०२४पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. आणि मालकांचं आजपासून तुम्ही करायचं, रात्रीचं सुद्धा.

वारी चुकली म्हणून जीव तुटेल. तुटू द्या. सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, म्हणून आजही आषाढीनंतर पांडुरंगाची पालखीच अरणला त्यांना भेटायला जाते. तुम्हाला हे मी काय सांगावं, तुमच्याच जिल्ह्यात आहे.

जावेला काय उत्तर द्यायचं ते नंतर बघू. आज संध्याकाळी हरिपाठ झाला की धाकटीला जवळ बसवा आणि तिला काय शिकायचं होतं ते विचारा. तुमच्या चार पानी पत्रात ते कुठेच नाही.