राज्याच्या सवेतन कौटुंबिक रजेबद्दल लहान मालकाने काय जाणून घ्यावे?

कॅलिफोर्नियात आठ माणसे कामाला असलेल्या मालकाला सवेतन कौटुंबिक रजेच्या योजनेबद्दल (आजारी नातलगाच्या सेवेसाठी किंवा नव्या बाळासाठी घेतलेल्या रजेत भत्ता देणारी योजना) काय माहीत असावे आणि तिचा खर्च झेपेल का, असे आपण विचारले आहे. रजेचा भत्ता मालकाच्या खिशातून जातच नाही. भारतात मातृत्व रजेच्या 26 आठवड्यांच्या पगाराचा भार बहुधा मालकावरच पडतो, म्हणून आपली मंडळी इथेही तेच गृहीत धरतात. इथे मात्र 2004 पासून हा भत्ता राज्याचा रोजगार विकास विभाग देतो आणि त्याचा निधी कर्मचाऱ्यांच्याच पगारातील कपातीतून उभा राहतो.

ऑक्टोबर 2019 मध्ये माझे वडील साताऱ्याहून आमच्याकडे फ्रीमाँटला आले असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. घरी आणले तेव्हा उजवा हात निकामी होता आणि बोलणे अडखळत होते. भरवण्यापासून रात्री कूस बदलून देण्यापर्यंत सगळे मीच करत होते. मी तेव्हा चौदा माणसांच्या एका कंपनीत होते. मालक मराठी, माझ्या थोरल्या भावासारखे. रजा मागितल्यावर ते म्हणाले, "ताई, रजा घ्या, पण बिनपगारी; असल्या सवलती मोठ्या कंपन्यांना परवडतात." मी विश्वास ठेवला आणि सहा आठवडे शिलकीवर काढले. जानेवारीत कराच्या कामासाठी डब्ल्यू-2 (वर्षभराचा पगार आणि कपाती दाखवणारा फॉर्म) हाती आला, तेव्हा त्यावर 'सीए एसडीआय' (कॅलिफोर्नियाचा राज्य अपंगत्व विमा; रजेचा निधी याच कपातीतून येतो) अशी नोंद आणि पुढे वर्षभराच्या कपातीची रक्कम दिसली. ज्या रजेसाठी मी वर्षानुवर्षे पैसे भरत होते, तीच मी बिनपगारी काढली होती. अर्ज रजेच्या पहिल्या दिवसापासून 41 दिवसांत करायचा असतो, ती मुदत केव्हाच उलटली होती. सबळ कारण दिल्यास उशिराचा अर्जही घेतात. पण कारण म्हणून मालकाचे नाव लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर कामाला बसायचे, हे मला जमले नाही.

"कायदा ज्याचा त्याने माहीत करून घ्यावा," असे ते नंतर म्हणाले. हे साफ चूक आहे. नव्या कर्मचाऱ्याला आणि अशा कारणासाठी रजा मागणाऱ्या प्रत्येकाला योजनेचे माहितीपत्रक देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. आता मी वीस माणसांच्या दुकानाचे पगारपत्रक सांभाळते आणि रजेचा विषय निघाला की ते पत्रक त्याच दिवशी हातात देते. आपणही तेवढे कराच.

भत्ता आता आठ आठवडे मिळतो आणि 2025 पासून तो वेतनाच्या 70 ते 90 टक्के असतो, अर्थात कमाल मर्यादेच्या आत. आधी साठलेली रजा वापरा, अशी सक्तीही आता करता येत नाही. कर्मचाऱ्याच्या अर्जाची सूचना विभागाकडून आली की ती दोन कामकाजी दिवसांत भरून पाठवावी.

एक मात्र ध्यानात घ्यावे: भत्ता आणि नोकरीची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हमी राज्याच्या कौटुंबिक हक्क कायद्यातून मिळते. पाच किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना तो 2021 पासून लागू आहे, म्हणजे आपल्यालाही. वर्षभर नोकरी आणि 1,250 तास काम झालेल्या कर्मचाऱ्याची जागा बारा आठवड्यांपर्यंत राखावी लागते आणि कंपनीचा आरोग्य विमा असल्यास तोही चालू ठेवावा लागतो. त्या काळात बदली माणूस शोधण्याची ओढाताण होतेच. शिवाय हे सगळे कॅलिफोर्नियापुरते आहे. वॉशिंग्टन राज्यात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील, तर मालकालाही हप्त्याचा वाटा भरावा लागतो.