प्रोलॉग डोक्यात का शिरत नाही?

प्रश्न: मी इंदूरला एमसीए करतेय, पायथन जमतं पण प्रोलॉग ही तर्कावर चालणारी प्रोग्रामिंगची भाषा काही केल्या डोक्यात शिरत नाही, कुठून सुरू करू?

उत्तर: अगं, आधी "हे कर, मग ते कर" ही सवय बाजूला ठेव, इथे फक्त काय खरं आहे ते सांगायचं. आपल्या होळकरांचंच घे ना. मल्हाररावांचा मुलगा खंडेराव, खंडेरावांचा मुलगा मालेराव, या दोन फॅक्ट्स, आणि मुलाचा मुलगा तो नातू हा एक रूल. आता विचार, मल्हाररावांचा नातू कोण? मालेराव! तू कुठेच लिहिलं नव्हतंस तरी येतं. मशीन नावं बसवून बघतं, नाही जुळलं की मागे येऊन दुसरं घेतं, हेच युनिफिकेशन आणि बॅकट्रॅकिंग, एकदा वहीत हाताने करच. मुळाशी रॉबिन्सन यांचं १९६५ चं रेझोल्यूशन, म्हणजे तर्काने निष्कर्ष काढायची मशीनला जमेल अशी पद्धत आहे, पण ते नंतर वाच.