आधी ड्रॅग ठरव

प्रिय मित्रा,

उभ्याने मोठ्या माशाशी झुंजायची काठी स्वतः बनवायची म्हणतोस, ते तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन ब्लँकची, म्हणजे काठीच्या नुसत्या कोऱ्या दांड्यांची, माहिती आहे, साडेपाच फूट की साडेसहा हा प्रश्न आहे, गाइड, म्हणजे काठीवरून लाइन ओवायच्या कड्या, रोलरचे घ्यावेत की रिंगचे हेही आहे. गुंडाळायच्या धाग्याचा रंगसुद्धा ठरलाय. ड्रॅग, म्हणजे किती ताण आला की रीलने (चरखीने) लाइन सोडायची तो, किती लावणार, हे मात्र कुठेच नाही. ते ठरल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना उत्तरच नसतं.

८० पौंडांची लाइन म्हणतोस. नेहमीचा हिशेब असा, की लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ड्रॅग ठेवायचा. म्हणजे २० ते २७ पौंड, ढोबळमानाने ९ ते १२ किलो. हा भार तुला खुर्चीत बसून नाही, हलत्या डेकवर उभं राहून पेलायचा आहे. आता तरफेचं गणित कर. बट, म्हणजे काठीचं बूड, गिंबलमध्ये, म्हणजे कमरेला बांधलेल्या खोबणीत टेकलेला, तो टेकू. मासा थेट खाली. लाइन टेकूपासून आडव्या मापाने दीड मीटरवर उतरते आणि तुझा हात अर्ध्या मीटरवर आहे, तर ९ किलोच्या ड्रॅगला हातावर २७ किलो येतात. काठी आखूड असल्यामुळे किंवा वाकल्यामुळे टोक एका मीटरवर आलं, तर १८. मासा तोच, लाइन तीच, आणि ९ किलो अंगावरून उतरले. उभ्याने झुंजताना लांबीचा फायदा माशाला मिळतो, माणसाला नाही. सॅन डिएगोच्या लांब पल्ल्याच्या बोटींवर मोठ्या यलोफिन ट्यूनाशी झुंजणाऱ्यांनी काठ्या आखूड केल्या त्या याच कारणाने.

तेव्हा २० पौंडांच्या वर ड्रॅग लावणार असशील तर साडेपाच फूट. बारा-पंधरावरच राहणार असशील तर सहा, फार तर साडेसहा. त्याहून आखूड का नको? मासा बोटीखाली फिरला की लाइन बोटीच्या कडेला, इंजिनाला घासते. टोक बाहेर नेऊन ती सोडवायला थोडी लांबी लागतेच. शिवाय विक्रमाची नोंद करायची झाली तर इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचा नियम आहे: रीलच्या मध्यापासून टोक निदान ४० इंच, आणि मागे बट २७ इंचांपेक्षा जास्त नाही. जिवंत आमिष फेकायलाही हीच काठी वापरायचा विचार तुझ्या पत्रात डोकावतोय. तो सोड. फेकायची काठी लांब हवी, ती वेगळी कर.

आता ब्लँक. त्यावर छापलेला पौंडांचा आकडा बघून तू निवड करतोयस. तो आकडा प्रत्येक कारखाना आपापल्या अंदाजाने छापतो, एका कारखान्याचे ८० दुसऱ्याच्या ८० शी जुळतीलच असं नाही. तुझ्या ड्रॅगखाली ब्लँक कुठे वाकतो, एवढंच बघ. टोक आणि मधला भाग वळून आत आला पाहिजे आणि फोरग्रिपपासून, म्हणजे रीलच्या पुढच्या मुठीपासून, खाली तो जवळपास सरळ राहिला पाहिजे. खालूनच वाकला तर मासा उचलायला जोर उरत नाही. टोकही वाकलं नाही तर पूर्ण लांबी तुझ्या पाठीवर येते.

मी फायबरग्लासला, नाहीतर ग्लास-कार्बनच्या मिश्र ब्लँकला धरून राहिलोय, आणि त्याबद्दल मला बरंच ऐकवलं जातं. कार्बन हलका असतो, हे मला मान्य आहे. पण काठी नुसती हातात धरून बघताना जाणवणारा हलकेपणा हार्नेस, म्हणजे रीलचा भार अंगावर घेणारे पट्टे, घातल्यावर फारसा उरत नाही. उरतो तो ताठपणा. त्यात मासा बोटीशी आला की माणूस घाईने काठी उभी करतो, सगळा वाक टोकाकडच्या वीतभर भागात गोळा होतो, आणि तिथे कार्बनला आधी कुठे टोचा बसलेला असला तर तो तडकतो. ग्लास हे सोसतो. माझ्या पाठीची उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवरच्या लांब, ताठ काठ्यांमागे गेली. तिथे निवड नव्हती, असेल ती काठी हातात यायची. तुझ्यापुढे निवड आहे, म्हणून माझा जीव तुटतो आणि म्हणूनच चिडतो.

हलका कार्बन घेऊ नकोस असं नाही. १२ पौंडांच्या ड्रॅगला तो मला चालेल. बघ, पुन्हा ड्रॅगवरच आलो.

सहा फुटांचा ब्लँक घेऊन कापायचं म्हणतोस. टोकाकडून कापलास तर टोक जाड आणि ताठ होतं, बुडाकडून कापलास तर जोराचाच भाग जातो. दोन-तीन इंचांपर्यंत ठीक, त्यापुढे मूळचाच आखूड ब्लँक शोध.

काहीही चिकटवायच्या आधी गाइड नुसते टेपने लाव, रील बांध, लाइनचं टोक खाली पक्क्या कडीला अडकवलेल्या ताणकाट्याला बांध. डोळ्यांवर चष्मा असू दे, लाइनच्या रेषेत कुणी उभं नको. हार्नेस घालून ठरवलेल्या ड्रॅगवर काठी वाकव आणि दहा मिनिटं तसाच उभा राहा. गुडघे किंचित वाकलेले, हात मोकळे, भार मांड्यांवर आणि कमरेखाली. पाठ बोलायला लागली तर लांबी कमी कर नाहीतर ड्रॅग. रील छातीकडे चढत असेल तर रीलसीट, म्हणजे रील बसवायची बैठक, खाली घे, हार्नेसचे पट्टे खाली ओढत असतील तर वर. ती जागा पेन्सिलने आखून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपास. तीच आली तरच गोंद हातात घे.

तुझा,
काका