दशमांशाचे पाकीट आणि पावसाळ्याची बेगमी

“ताई, कर्ज फिटेपर्यंत दशमांश थांबवला, तर ते देवाला ठकवणे होईल का?” हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. दशमांश म्हणजे आपल्या मिळकतीतला देवासाठी मंडळीला, म्हणजे चर्चला, द्यायचा दहावा भाग. तो विचारणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात, कारण बेफिकीर माणसाला असा प्रश्न पडतच नाही. २०२४ च्या जुलैमध्ये वास्कोतील आमच्या मराठी मंडळीच्या चॅपेलशेजारच्या खोलीत तो मंडळीतल्या एका टॅक्सीचालक भावाने विचारला. त्याच्या व त्याच्या पत्नीच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती हकिकत येथे मांडत आहे.

हे कुटुंब मूळचे मिरजेकडचे असून गोव्यात येऊन त्यांना चौदा वर्षे झाली होती. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भावाने पाच वर्षांच्या कर्जावर स्वतःची टॅक्सी घेतली आणि त्या आनंदात मंडळीच्या संकल्पपत्रावर, म्हणजे अर्पणाची रक्कम लिहून देण्याच्या कागदावर, ‘दरमहा ४,२०० रुपये’ असा आकडा घातला, कारण त्या दिवसांत डिझेल वजा जाता त्याच्या हाती बेचाळीस हजार राहत होते. दाबोळी विमानतळावरची भाडी हा त्याचा मुख्य आधार होता. पुढे २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि दाबोळीवरची काही विमाने तिकडे वळली. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने धडपड करून बेचाळीस हजारांचा मेळ तो तरीही घालत असे. परंतु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पंधरा हजारांच्या वर काही जात नसे. संकल्पपत्रावरचा आकडा मात्र बाराही महिने तोच राहिला.

त्याने खिशातून जुलैचे पाकीट काढून टेबलावर ठेवले. आमच्या मंडळीत बारा महिन्यांची छापील पाकिटे वाटतात. त्यावर नाव, महिना आणि रक्कम एवढ्या तीनच ओळी असतात. रक्कम निळ्या शाईने लिहिली होती आणि पाकीट रिकामे होते. मग त्याने मोबाइलवर जूनमधला एक संदेश दाखवला. शनिवारी रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कर्ज देणाऱ्या एका ॲपवरून पाच हजार रुपये खात्यात जमा झाले होते आणि रविवारी सकाळी त्यांतले ४,२०० दानपेटीत गेले होते. या महिन्यात ॲपने नकार दिला, म्हणून तो माझ्याकडे आला होता.

दशमांशाबद्दल मी त्या दिवशी काहीच सांगितले नाही. वहिनींना हे ठाऊक आहे का, एवढेच विचारले. त्याने नकारार्थी मान हलवली आणि बराच वेळ खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत राहिला. मी वीस वर्षे एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काढली आहेत. बुडणाऱ्या घरात बहुतेक वेळा कर्जाच्या रकमेहून मोठी गोष्ट ही असते की त्या रकमेची माहिती एकालाच असते. पुढच्या आठवड्यात दोघांनी मिळून यावे आणि येताना प्रत्येक देण्याचा कागद आणावा, असे सांगून मी त्याला परत पाठवले.

दोघे आली तेव्हा आम्ही बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्याच्या दाखल्यापासून, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेपासून, सुरुवात केली. त्या दाखल्याचा अर्थ लावताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, पण त्यातली पहिली मागणी अगदी साधी आहे, ती म्हणजे हिशेब दे. कारभारी हा मालक नसतो, म्हणूनच त्याला दहा भागांपैकी एका भागाचा नव्हे, तर दहाही भागांचा हिशेब द्यावा लागतो. दशमांश दिला की उरलेले नऊ भाग आपले, अशी जी समजूत आपल्या मंडळ्यांतून रुजली आहे, ती मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे.

हिशेब असा निघाला. गाडीचा हप्ता १४,२०० रुपये. क्रेडिट कार्डावर ८६,००० रुपये थकलेले. दरमहा साडेतीन टक्क्यांनी त्याचे व्याजच ३,०१० रुपये होत होते. किमान भरणा ४,३०० रुपयांचा होता, आणि तेवढाच भरल्यास व्याज व त्यावरचा जीएसटी वजा जाता मुद्दल महिन्याला जेमतेम साडेसातशेने उतरत होते. तीन ॲपांची मिळून १७,८०० रुपयांची देणी होती. शेवटच्या कागदावर पेन्सिलीने ‘गॅरेज ६,५००’ असे लिहिलेले होते. मार्चमध्ये क्लचचे काम करून देणाऱ्या मिस्त्रीचे ते पैसे चार महिने राहिले होते.

भावाच्या मनात बायबलमधल्या मलाखी या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाची धास्ती होती, कारण ‘देवाला ठकवणे’ हा शब्द तिथलाच. मी त्याला तोच अध्याय काढायला लावला आणि आठव्या वचनाच्या आधी पाचवे वचन मोठ्याने वाचायला सांगितले. मजुराची मजुरी अडवून त्याच्यावर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध परमेश्वर साक्ष देईल, असे ते वचन आहे. तो थांबला आणि पेन्सिलीने लिहिलेल्या त्या कागदाकडे पाहू लागला. मला त्यावर भाष्य करण्याची गरज पडली नाही.

आता दशमांशाच्या गणिताकडे वळू. दशमांश म्हणजे मिळालेल्यातला दहावा भाग. पिकाचा व गुराढोरांचा दशमांश काढण्याची जी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे, तीत पीक कमी आले की दशमांश आपोआप कमी होतो. पंधरा हजारांचा दहावा भाग दीड हजार. हा भाऊ पावसाळ्यात ४,२०० देत होता, म्हणजे मिळकतीचा अठ्ठावीसावा हिस्सा नव्हे, तर शेकडा अठ्ठावीस, आणि तेही व्याजाने आणून. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे की देण्याची उत्सुकता असली म्हणजे माणसाजवळ जे असेल त्याप्रमाणे ते मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नव्हे. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने मंदिराच्या भांडारात टाकलेली दोन नाणी तिची स्वतःची होती. ती कोणाकडून उसनी आणलेली नव्हती.

आधी देवाला द्या, कर्ज आपोआप फिटेल, असे शिकवणारे लोक आहेत आणि त्यांच्याशी माझे पटत नाही. कर्ज आहे तोवर देणेच बंद करा, हा सल्लाही मी देत नाही, कारण हाताची सवय एकदा सुटली की परत लागत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि मासेदोनियाच्या मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यातही दिले, हेही पौल त्याच अध्यायात सांगतो. घरच्यांची तरतूद आणि लोकांची देणी पाहून, जवळ असलेल्यातून, उघडपणे ठरवून जे देता येईल ते द्यावे, मग तो आकडा कितीही लहान असो. भावाला यात एकच अडचण वाटत होती, ती नवसाची, कारण संकल्पपत्रावरचा आकडा त्याला नवसासारखा वाटत होता. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा, हे बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकातले वचन त्याला पाठ होते. त्याबाबतीत मी त्याला मंडळीच्या पाळकांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, पाठवले. पाळकांनी संकल्पपत्र शोधून काढले, त्याच्यादेखत तो आकडा खोडला आणि म्हणाले, “कागद आम्ही छापला, आकडा तू घातलास, आता बायकोला विचारून नवा घाल.”

या सगळ्यात वहिनी फारशा बोलल्या नव्हत्या. त्या एका खासगी दवाखान्यात अकरा हजारांवर काम करतात. तिसऱ्या बैठकीत त्यांनी पिशवीतून एक छोटी वही काढली. शेजारणींच्या भिशीत त्यांनी मुलीच्या प्रवेशासाठी नवऱ्याला न सांगता पंचवीस हजार जमवले होते. भाऊ क्षणभर दुखावला, मग स्वतःशीच हसला. लपवण्यात दोघेही तोडीस तोड निघाली होती. त्या पैशांतून गॅरेजचे ६,५०० त्याच संध्याकाळी दिले गेले आणि तिन्ही ॲपांची देणी मिटवून ती मोबाइलवरून काढून टाकली. वहीत सातशे रुपये उरले.

दोन तोळ्यांची साखळी बँकेत तारण ठेवून कार्ड मिटवावे, हेही वहिनींनीच सुचवले. नवऱ्याच्या कर्जासाठी बायकोचे दागिने पुढे करण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. अशा साखळ्या परत गळ्यात आलेल्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत. म्हणून दोन अटी घातल्या. कर्ज वहिनींच्या नावावर आणि पावती त्यांच्याच कपाटात राहावी, ही पहिली. आणि साखळी बँकेत जाण्याच्या दिवशीच कार्ड बंद व्हावे, ही दुसरी. तीन हजारांवरचे मासिक व्याज सातशेवर आले.

खरा पेच पावसाळ्याचा होता. वर्षाची सरासरी काढली तर भावाची मिळकत तेहतीस हजार आणि वहिनींचे अकरा मिळून चव्वेचाळीस हजार होत होती. हप्ता, भाडे, वाणसामान, शाळा, वीज-गॅस आणि गाडीचा विमा-परवाना यांचा महिन्याचा खर्च ४०,७०० होता. म्हणजे वर्षाकाठी भागत होते, पण पावसाळ्यातल्या महिन्याला १४,७०० रुपये कमी पडत होते आणि ही तूट दरवर्षी कार्डावर चढत होती. येथे मी बायबलमधल्या योसेफाची गोष्ट काढली. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पंचमांश साठवावा, असा सल्ला त्याने फारोला, म्हणजे मिसरच्या राजाला, दिला होता. वहिनी लगेच म्हणाल्या, “म्हणजे आमचे पुरुमेंतच की!” गोव्यात मे महिन्यात सुकी मासळी, सोलं, चिंच, मिरच्या भरून ठेवण्याला पुरुमेंत म्हणतात, आपल्याकडची बेगमी ती हीच. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, हे इथल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे, मग घरच्या हिशेबाला का असू नये? सीझनच्या बेचाळीस हजारांचा पंचमांश ८,४००. आठ महिन्यांचे ६७,२०० होतात आणि चार महिन्यांची तूट ५८,८००. उरलेल्या रकमेतून त्या चार महिन्यांचे सोन्याचे व्याज आणि मंडळीचे अर्पण निघते. या पैशांसाठी एटीएम कार्ड नसलेले वेगळे बचत खाते वहिनींच्या नावाने उघडले.

अर्पणाचा आकडा दोघांनी घरी बसून ठरवला. सीझनमध्ये एक हजार, पावसाळ्यात पाचशे. दशमांशाहून तो कमी आहे, हे त्यांना माहीत होते. साखळी सुटेपर्यंत तसे राहील, असे पाळकांना सांगूनच त्यांनी तो पत्रावर लिहिला.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडून करून घेतली. रोज रस्त्यावर असणाऱ्या या माणसाचा एक पैशाचाही आयुर्विमा नव्हता. जीवनज्योती आणि सुरक्षा या दोन्ही सरकारी विमा योजनांचे मिळून वर्षाला ४५६ रुपये बँक खात्यातून वळते होतात. तो फॉर्म त्याने माझ्यासमोर भरला. राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेच्या कार्डाचे नूतनीकरणही राहिले होते.

तो पहिला पावसाळा साठ्याविना काढणे भाग होते. भावाने सप्टेंबरअखेरपर्यंत वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीच्या कामगारांची बस चालवली. दिवसा भाडे मिळाले तर टॅक्सी. उपासनेत तो पहिल्या बाकावर बसून उघड्या डोळ्यांनी झोपत असे आणि पाळक त्याकडे दुर्लक्ष करत.

२०२५ च्या जुलैमध्ये दोघे भेटायला आली. सीझनमधल्या दोन महिन्यांत गाडीच्या कामामुळे पंचमांश पूर्ण पडला नव्हता. खात्यात ६७,२०० ऐवजी ६१,००० जमले होते, म्हणून वहिनींनी शिकवणीचा एक वर्ग सप्टेंबरपर्यंत थांबवला होता. सोन्याच्या मुद्दलातून सोळा हजार फिटले होते. गाडीचे सत्तावीस हप्ते बाकी होते. निघताना भावाने जुलैचे पाकीट दाखवले. रक्कम पाचशे लिहिलेली होती, अक्षर वहिनींचे होते, आणि नावाच्या ओळीवर या वेळी दोघांची नावे होती.