दारातली तोफ आणि गंज

प्रश्न : नाशिकरोडला आमच्या शाळेच्या दारात जुनी ४० मि.मी. विमानवेधी बोफोर्स तोफ आहे. दर २६ जानेवारीला रंगवतो, तरी पावसाळ्यात पोपडे निघतात. काय करावं?

उत्तर : अहो, गंजावरच रंग चढवला की तो गंज आतून पोखरतोच! मी देवळालीत तोफांच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडून लखलखीत लोखंड उघडं करा, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचं अस्तर मारा, मग रंग. नळीचं तोंड खाली झुकवून बूच बसवा. चिमण्या घरटी करतात. पितळी पाटी रंगवू नका, तिच्यावरचा नंबर म्हणजे तोफेचा जन्मदाखला. टायरवर वजन नको, जॅकवर उचला. नळीभोवतीची जाड स्प्रिंग मात्र दाबलेली असते, तिला हौशी पान्हा लावू नका.