अंग आत जाणार कुठून? झबली, परकर आणि बाहुलीचे कपडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

संक्रांत तोंडावर आली की काळ्या कापडाचे प्रश्न सुरू होतात. परदेशातल्या नातवंडांसाठी शिवणाऱ्या आज्यांचे प्रश्न तर बाराही महिने येतात. या वेळी बाळाच्या आणि बाहुलीच्या कपड्यांचे प्रश्न मुद्दाम एकत्र घेतलेत. तान्हं बाळ काय आणि बाहुली काय, कपडे चढवताना काडीची मदत करत नाहीत. हात पुढे करत नाहीत, की मान वाकवत नाहीत. त्यामुळे छाती-कंबरेच्या आधी हा कपडा अंगात जाणार कुठून, ते ठरवायचं. यातल्या निम्म्या पत्रांची अडचण तिथेच आहे.

सुनेला आठवा महिना आहे. आमच्याकडे बाळाला पहिलं झबलं जुन्या सुती साडीचं घालतात. सासूबाईंचं एक जुनं पातळ आहे, ते वापरू का? आणि गळा केवढा ठेवू? – होणाऱ्या आजी, सातारा

पातळ जरूर वापरा, पण ते सुतीच आहे ना हे आधी बघा. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, मागे मऊ राख उरते. टोकाला कडक मणी धरला तर त्यात पॉलिस्टर आहे, त्याचं झबलं नको. मग पातळ उजेडाकडे धरा. बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या काठाला ते विरलेलं असणारच, तेवढं सोडा. उरलेल्या भागावर दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून हलकेच ताणा. चर्र आवाज आला तर ते कापड गोधडीच्या आतल्या थरात घालायचं. जरीचा काठ आणि पदर बाजूला काढा, जर टोचते.

आता गळा. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि छातीचा त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. वर्षाचं होता होता दोन्ही बरोबरीला येतात. म्हणजे छातीला नीट बसेल असं झबलं डोक्यातून जाणार नाही, आणि डोक्यातून जाईल एवढा गळा ठेवला तर ते खांद्यावरून उतरेल. म्हणून पहिल्या तीन महिन्यांसाठी समोरून पूर्ण उघडणारं, एका पाख्यावर दुसरा पाखा येणारं आणि बगलेखाली बंदांनी बांधायचं झबलं शिवा. बाळाला त्यावर आडवं ठेवायचं, हात एकेक करून घालायचे आणि बांधायचं. मानेला हिसका नाही.

उंची ११ इंच, बांधल्यावर मोकळी छाती १९-२० इंच, आणि बाही वेगळी न कापता अंगातूनच काढलेली. बाही जोडलीत तर बगलेत चार शिवणी एकत्र येतात आणि नेमका तिथेच बाळाला घाम येतो. पाखे एकमेकांवर निदान तीन इंच यावेत. बंद मानेपाशी लावू नका. बगलेखाली लावा आणि गाठ मारल्यावर टोकं दोन बोटांपेक्षा लांब राहणार नाहीत एवढेच ठेवा.

गळ्याला उरेब, म्हणजे कापडात तिरकी कापलेली पट्टी लावा, सरळ पट्टी गोलावर चुरगळते. आतल्या शिवणींसाठी फ्रेंच सीम घाला. आधी सुलट बाजूनं पाव इंच आत टीप मारायची, कडा अर्ध्यावर कापायच्या, उलटून पुन्हा पाव इंचावर टीप मारायची. कापलेली कड दोन टिपांमध्ये बंद होते. पहिल्या महिन्यासाठी तर मी साधी शिवण घालून ती बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगते. दिसायला बरं नाही दिसत, पण बघणाऱ्यांना नव्हे, बाळाला घालायचंय ते.

अकरा महिन्यांच्या नातवाचं बोरन्हाण आहे. काळं झबलं घरी शिवायचंय. काळ्याचा रंग जातो का? मीठ घालून भिजवलं तर पक्का होतो म्हणतात. – पुणे

मिठानं किंवा व्हिनेगरनं आजच्या कापडाचा रंग पक्का होत नाही. रंग कारखान्यात बसायचा तेवढा बसलेला असतो, वर राहिलेला धुऊनच काढावा लागतो. कापड कापायच्या आधी साध्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी साबणानं धुवा आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळून काढा. मग ओल्या पांढऱ्या रुमालानं जोरात घासून बघा. रुमाल काळा झाला तर ते कापड बाळाला नको. या वयाची मुलं गळपट्टी चोखतातच. धुण्याचा दुसरा फायदा असा की सुती कापड पहिल्या पाण्यात शंभराला तीन ते पाच इतकं आटू शकतं. ते शिवल्यावर आटण्यापेक्षा आधी आटलेलं बरं.

आतून पांढऱ्या मलमलीचं अस्तर द्या. हलव्याच्या दागिन्यांची टोकं टोचतात, आणि घामानं साखर पाघळली की चिकटतातही. गळ्यातला हार दोऱ्यानं गळ्यात अडकवू नका. झबल्याच्या छातीवर दोन टिचबटणं लावा आणि हार त्यावर बसवा. बाळानं ओढला तर हार निघून हातात येईल, मानेभोवती आवळणार नाही. अमेरिकेत मुलांच्या कपड्यांना मानेपाशी आणि टोपीला ओढायच्या नाड्या नकोत, असं तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं १९९६ पासून सांगितलंय. आपल्याकडच्या कुंचीलाही हाच नियम लावा. समारंभापुरती हनुवटीखाली बांधा, पण त्यात बाळाला झोपवू नका.

आता अकरा महिन्यांच्या बाळाला पाखे नकोत, ते सरपटत निघून जाईल आणि पाखे मागे राहतील. एका खांद्यावर दोन टिचबटणं ठेवून गळा उघडता केलात की पुरे. वरून ओतायचे हरभरे आणि बोरं बाळाच्या तोंडात जाणार नाहीत इकडे लक्ष ठेवा. शिवणाचा विषय नाही हा, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी सध्या मुलीकडे न्यू जर्सीला आहे. सहा वर्षांच्या नातीला खणाचं परकर-पोलकं शिवलं, आता तिला तिच्या १८ इंची बाहुलीलाही तसंच हवंय. उरलेला खण आहे. शिवायला घेतला तर सारखा उसवतो, आणि परकर नेसवला की बाहुली ढोलासारखी दिसते. – मूळच्या सांगलीच्या

तिकडची १८ इंची बाहुली म्हणजे बहुतेक १९८६ साली निघालेली अमेरिकन गर्ल किंवा त्याच मापाची दुसरी. तिचं अंग कापडी असतं, आणि छाती नि कंबर जवळजवळ सारखी, ११ इंचांच्या आसपास. कंबर अशी नाहीच, म्हणूनच ती ढोलासारखी दिसतेय. त्यात चुण्यांची भर पडते.

बाहुली लहान होते, पण कापडाची जाडी तेवढीच राहते. नातीच्या परकराला कंबरेच्या तिप्पट घेर छान दिसतो. तोच हिशेब बाहुलीला लावला की कंबरेवर चुण्यांचा गोळा होतो. दुप्पट घेर पुरे, म्हणजे साधारण २२ इंच. नेफा-नाडी नको, त्यात कापडाचे आणखी दोन थर येतात. चुण्या नकोत, सपाट प्लीट्स घाला आणि वर रुबियाची पातळ पट्टी लावा. टू बाय टू रुबिया ब्लाउजच्या दुकानात हव्या त्या रंगात मिळतो आणि बाहुलीच्या कामाला त्याच्याइतकं सोयीचं कापड मला तरी माहीत नाही. तिकडे रुबिया मिळणार नाही, तर कॉटन लॉन मागा.

खण उसवतो त्यावर उपाय एकच. कापण्याच्या आधी उलट बाजूनं सगळ्यात पातळ पेस्टिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) इस्त्रीनं चिकटवायचं आणि मगच आखून कापायचं. कापून झाल्यावर चिकटवाल तर तेवढ्यात दोन धागे गेलेले असतात. इस्त्री मध्यम ठेवा, हल्लीच्या बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो. परकराच्या खालच्या घेराला खणाचा काठ येईल असं कापा. मात्र काठ बाहुलीच्या गुडघ्यापर्यंत चढत असेल तर निम्माच दाखवा, उरलेला आत दुमडा.

पोलकं पाठीमागून वरपासून खालपर्यंत उघडं ठेवा. तिचं डोकं छातीपेक्षा मोठं आहे आणि केस विंचरलेले राहावेत अशी नातीची अपेक्षा असणार. वेल्क्रो लावू नका, केसांत अडकून महिन्याभरात बाहुलीची जट होते. सगळ्यात लहान टिचबटणं लावा.

आणि नातीच्या परकराला खालून आतल्या बाजूला एक टक, म्हणजे शिवलेली आडवी दुमड, घालून ठेवा. दोन वर्षांपासून दहापर्यंत मुलं वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटर उंच होतात. एक इंच खोल टक म्हणजे दोन इंच कापड, म्हणजे पुढच्या दिवाळीची सोय. उंचीत वाढतं ठेवावं, खांद्यात आणि गळ्यात नाही. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून खांदे दोन इंच मोठे शिवले की वर्षभर ते पोर उधारीचे कपडे घातल्यासारखं दिसतं, आणि खांदे बसायला लागतात तेव्हा कापड विटलेलं असतं.

बार्बीसाठी इंटरनेटवरून पेपर कटिंग उतरवून फ्रॉक शिवला. कंबरेत लागतच नाही. बाही तर शिवल्यावर उलटता येत नाही. – ठाणे

पहिली शंका : बाहुली कुठली आहे? १९५९ पासूनची बार्बी साडेअकरा इंचांची, पण २०१६ मध्ये कंपनीनं उंच, बुटकी आणि भरलेल्या अंगाची अशी आणखी तीन अंगं काढली. भरल्या अंगाच्या बार्बीला जुन्या मापाचा फ्रॉक लागणार नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

पेपर कटिंग घरी काढा, सोपं आहे. स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म बाहुलीच्या धडाला गुंडाळा. त्यावर रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लहान लहान तुकड्यांनी चिकटवा. पेननं पुढचा मध्य, पाठीचा मध्य, बगल आणि कंबर आखा. मग पाठीच्या रेषेवर कापून कवच सोडवा आणि बगलेच्या रेषेवरून वेगळं करा. तुकडे सपाट बसत नसतील तिथे चीर द्या, कापडात तिथेच चिमटा घेऊन शिवायचा, तोच तुमचा टक्स. कडेनं पाव इंच माया (शिवणीसाठीचं जादा कापड) सोडा, त्याहून जास्त नको.

बाहीचं उत्तर क्रमात आहे. मोठ्यांच्या ब्लाउजला आपण कधी कधी बगल शिवून मग मुंढ्यात, म्हणजे बाहीसाठी कापलेल्या गोलात, बाही बसवतो. बाहुलीला तसं करू नका. आधी खांदे जोडा, कापड सपाट असतानाच बाहीचं टोक दुमडून शिवा, बाही मुंढ्याला जोडा आणि मग बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत एकच सलग टीप मारा. पाठ सगळ्यात शेवटी. एवढं करूनही बाही उलटत नसेल तर ती फार अरुंद आहे. बार्बीचा पंजा पसरलेला असतो, तो आत जायला हवा. पंजाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला की बाही सरकन चढते.

गडद लाल, काळं, गडद निळं कापड असेल तर आतून पांढरं अस्तर लावाच. बाहुलीचं व्हिनाइल रंग शोषून घेतं आणि तो डाग साबणानं निघत नाही.

आजीचं काळं हातमशीन मिळालंय. जाड कापड छान शिवतं, पण मलमल घातली की सुरुवातीलाच कापड खालच्या भोकात ओढलं जातं. – रत्नागिरी

मशीन चांगलं आहे, सुई जाड असेल. जीन्सची १६ किंवा १८ नंबरची काढा आणि ९ किंवा ११ ची घाला. जुनी सुई दुकानात दाखवूनच नवी घ्या. बसवताना चपटी बाजू, दोरा ज्या बाजूनं ओवता त्याच्या विरुद्ध बाजूला यायला हवी. टीप मारायला सुरुवात करताना वरचा नि खालचा दोन्ही दोरे मागे बोटांनी धरून ठेवा आणि पहिले तीन-चार टाके चाक सावकाश फिरवून घ्या. एवढ्यानंही जमलं नाही तर मलमलीखाली पतंगाचा कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

माझी आठ वर्षांची मुलगी बाहुलीसाठी स्वतः शिवायचं म्हणते. सुई देऊ का? – लातूर

द्या. जरा जाड, मोठ्या नेढ्याची सुई आणि दुहेरी दोरा द्या. दोरा तिच्या कोपरापासून बोटांपर्यंत पुरेल एवढाच घ्या, लांब घेतला की गुंता होतो आणि मग शिवण कंटाळवाणं वाटतं. सुरुवात जोडीदार हरवलेल्या मोज्यानं करा. पंजा कापून टाका, वरची लवचीक पट्टी बाहुलीच्या छातीवर येऊ द्या. झाला फ्रॉक. विणीचं कापड साध्या कापडासारखं भराभर उसवत नाही, त्यामुळे खालची कड पहिल्या दिवशी तशीच ठेवली तरी चालेल. खांद्याला दोन रिबिनी धावदोऱ्यानं लावणं एवढंच तिचं काम. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मणी-बटणं मात्र आत्ता लावू नका. धावदोरा वाकडा आला तर उसवू नका. तिला दिसेल तेव्हा ती स्वतःच उसवेल.

बाहुल्या आणि त्यांचे कपडे विकावेत असं वाटतं. किती पैसे घ्यावेत? काही परवानगी लागते का? – कोल्हापूर

परवानगीचं आधी. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असावं लागतं, आणि बाहुली त्यात येते. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयात नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. तेव्हा कारागीर ओळखपत्रासाठी अर्ज करा आणि तुमच्या मालाला सध्या काय लागू होतं ते त्याच कार्यालयात विचारून घ्या.

पैशांचं म्हणाल तर कापडावर भाव लावू नका. वीतभर कापडाच्या फ्रॉकला तीन वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकएवढाच, कधी जास्तच वेळ लागतो. घड्याळ लावून एक फ्रॉक शिवा, काजं-टिचबटणं नि इस्त्रीसकट. तुमच्या गावात ब्लाउजची शिलाई किती आणि त्याला किती तास लागतात, ते ठाऊक असेलच. तोच तासाचा भाव इथे लावा. ‘एवढ्याशा कापडाचे एवढे?’ असं विचारणारी गिऱ्हाइकं येतीलच. त्यांना मोज्याचा फ्रॉक शिकवून पाठवा.